वारंवार आजारी पडणारं मूल: दोष कर्माचा नव्हे, आईचाही नव्हे



वस्तीत एखादं मूल असं असतं की त्याच्या घरी औषधाच्या बाटल्या कधी संपत नाहीत. न्यूमोनिया बरा होतो, महिन्याभरात परत येतो. एक गळू बसतं, दुसरं उठतं. मग दृष्ट काढतात, भगताकडे नेतात आणि शेवटी बोट आईकडे वळतं: "पहिलंही असंच गेलं, हिचंच काहीतरी आहे."

हे बोलणं आपल्या घरांत थांबलं पाहिजे.

काही मुलांची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच अपुरी असते. हा दोष जनुकांतून येतो. काही प्रकारांत आईवडील दोघंही धडधाकट असतात, तरी प्रत्येक बाळंतपणात चारात एक बाळ आजारी निघण्याची शक्यता असते. मामे-आते भावंडांच्या लग्नांत हा धोका वाढतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना आनुवंशिकतेच्या विज्ञानाचाच आधार घेतला. आपण मात्र अजून नशीब धरून बसतो.

वर्षात दोनदा न्यूमोनिया, चारदा कान फुटणं, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही गुण न येणं, खोल गळवं, वर्षाच्या वयानंतरही तोंडात पांढरा बुरा, बीसीजीनंतर डाव्या काखेत पिकणारी गाठ, भावंड तान्हेपणी दगावलेलं: यातलं काही दिसलं तर डॉक्टर बदलत फिरू नका. "हे परत का येतं?" असं विचारा. लस सगळ्या मुलांना द्यायचीच. पण आधीचं बाळ जंतुसंसर्गाने गेलं असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी देण्याआधी ते डॉक्टरांना सांगा; त्या लशीत जिवंत जंतू असतात.

अशा मुलांना पाच दिवसांचं औषध पुरत नाही. पू तपासून नेमका जंतू शोधावा लागतो, उपचार अनेक आठवडे चालतात. पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून काहींना रोज गोळी, तर काहींना दर तीन-चार आठवड्यांनी सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. गंभीर प्रकारांत बोन मॅरो प्रत्यारोपणाने मूल बरं होऊ शकतं.

लोधिवलीकरांनी सुरुवात चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून करावी. सीबीसीसारख्या साध्या रक्ततपासणीतही पहिला इशारा मिळू शकतो. पुढची तपासणी परळला होते: केईएमच्या आवारातली आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आणि वाडिया बाल रुग्णालय. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात यातले काही आजार आहेत. 50 लाख रुपयांपर्यंतची मदत केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून मिळते.

पण रोजंदारी बुडवून पनवेलहून लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून परळ, तेही कडेवर तापलेलं लेकरू घेऊन, हे एकट्या आईने किती वेळा करायचं? रक्ताचे नमुने जिल्ह्यातच गोळा करून परळला पाठवण्याची सोय सरकारने केली पाहिजे. ती होईपर्यंत काम विहाराचं आहे. रविवारच्या वंदनेनंतर अशा घराची चौकशी करा, भाड्याचे पैसे जमवा, सोबत एक माणूस द्या, सगळे कागद एका फाइलमध्ये लावून द्या.

अतिसाराने लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः अंघोळ घातली होती. आपल्याला तर फक्त परळपर्यंत सोबत जायचं आहे.

नमो बुद्धाय!