पहिल्या सलाईनच्या आधी विचारा

गाय माजावर आली की डॉक्टर येतो आणि नायट्रोजनच्या भांड्यातून उणे १९६ अंशांवरची रेतमात्रा काढतो. उरुळी कांचनच्या बायफने हे तंत्र गोठ्यागोठ्यांत नेले. आता त्याचे नवल कुणाला नाही. माणसाचे वीर्यही असेच गोठवून ठेवता येते. (जनावराच्या पंक्तीला बसवले म्हणून रागावू नका.) अशा वीर्यापासून गर्भधारणा झाल्याची नोंद अमेरिकेत १९५३ सालचीच आहे.

मग घरच्या तरण्या पोराला कॅन्सर निघाला की ही गोष्ट कुणी का काढत नाही? अंडकोषाचा कॅन्सर ऐन पंचविशी-तिशीत गाठतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. पण केमोथेरपीची काही औषधे नि किरणांचा शेक बीजच मारतात. काहींचे दोन-चार वर्षांत परत येते. कुणाचे येईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून नमुना उपचाराआधीच द्यायचा. एक-दोन दिवसांचे काम! "आधी जीव वाचू दे" म्हणतात, पण इथे दोन्हींत भांडण कुठे आहे? डॉक्टर घाईत, बाप लाजतो, पोरगा गप्प. बापाला बोलवत नसेल तर त्याने बाहेर थांबावे, पोराला विचारू द्यावे. लग्न झालेले नसले तरीही.

२०२१ च्या कायद्याने अशा बँकांना नोंदणी सक्तीची आहे. ती बघा, आणि साठवणुकीचे दरसाल भाडे किती, तेही आधीच विचारून घ्या.