पात्र-अपात्र

गेल्या रविवारी वणीत एका सत्काराच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मंचावर दोन पाहुणे. एक मालिकेमुळे घराघरात पोचलेले नट; त्यांनी मध्यंतरी एका चित्रपटात कर्जात बुडालेला शेतकरी केला. दुसऱ्या मारेगावकडच्या एक बाई. गावातल्या पोरांनी बसवलेल्या नाटकात त्यांनी अशाच एका शेतकऱ्याची बायको केली होती. निवेदकाने नटाला विचारलं, भूमिकेची तयारी कशी केली, वजन किती घटवलं, भाषा कोणाकडून शिकली, शेवटच्या प्रसंगात रडणं का टाळलं. पंचवीस मिनिटं हेच. मग माइक बाईंकडे गेला आणि पहिला प्रश्न आला, "ताई, तुमचे यजमान कधी गेले?"

बाईंनी साल सांगितलं. सभागृह गप्प झालं. दुसरा प्रश्न मुलांच्या शिक्षणाचा होता, तिसरा सरकारी मदतीचा. नाटकाबद्दल एकही नव्हता. साडी, श्रीफळ, टाळ्या, आणि बाई खाली येऊन मागच्या रांगेत बसल्या.

हा आठवडाभर ते डोक्यातून जात नाही. निवेदक वाईट माणूस नाही, त्याला गहिवरून आलं होतं हे मी पाहिलं. पण नटाला त्याने काम विचारलं आणि बाईंना दुःख. एकाला कलावंत मानलं, दुसरीला पुरावा.

नटांनी आपल्या गाजलेल्या भूमिकांबद्दल बोलावं, हे मला मनापासून आवडतं. निळू फुले आठवा. गावोगावच्या बायांनी त्यांना शिव्या मोजल्या, आणि ती आपल्या कामाची पावती आहे असं ते मानत. पडद्यावरचा तो लंपट पाटील आणि सेवादलातून आलेला हा साधा माणूस, यांच्यातलं अंतर कसं राखलं हे त्यांना आयुष्यभर विचारलं गेलं. 'सामना'तला साखरसम्राट आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस एकाच देहातून कसे निघाले, हेही विचारलं गेलं. विचारायलाच हवं होतं. तो मान त्यांच्या कसबाचा होता. माझं भांडण एवढंच आहे की हा प्रश्न काही जणांनाच विचारला जातो.

आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं उदाहरण घेऊ. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं 'तेरवं'. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायांनी स्वतः रंगमंचावर उभं राहून केलेलं नाटक. त्यांतल्या वैशाली येडे कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. त्याआधी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेण्यावरून केवढं रामायण झालं, ते तुम्हाला आठवतंच. त्या दिवशीच्या बातम्यांची कात्रणं माझ्याकडे आहेत. ती या आठवड्यात पुन्हा काढली. मथळ्यात सगळीकडे शेतकऱ्याची विधवा. त्या रंगमंचावर काम करतात ही गोष्ट आली असलीच तर खाली कुठेतरी, एका वाक्यात.

आता पुढचं पाहा. ८ मार्च २०२४ रोजी 'तेरव' चित्रपट म्हणून आला. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, दुःख तेच. प्रमुख भूमिका किरण खोजे, संदीप पाठक, किरण माने अशा कसलेल्या नटांकडे. मला याचा राग नाही. चित्रपटाला वितरक लागतो, ओळखीचा चेहरा लागतो, आणि ही मंडळी आपलं काम जाणतात. किरण खोजेंना भूमिकेच्या तयारीबद्दल कोणी विचारलं तर तो योग्यच प्रश्न आहे. पण नाटकातल्या बायांनाही तोच प्रश्न लागू होता. उलट त्यांच्या बाबतीत तो जास्त अवघड होता. नट बाहेरून आत जातो. तो शेतकऱ्याचं ओझं उचलतो, प्रयोग संपला की खाली ठेवतो. या बाईला आतून बाहेर यायचं होतं. स्वतःच्या घरात घडलेली गोष्ट दुसऱ्या कोणाची असल्यासारखी हातात धरायची, ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणायची, रडू आलं तरी पुढचं वाक्य चुकू द्यायचं नाही, शेजारणीची चाल सांभाळायची आणि उद्या दुसऱ्या गावात हे सगळं परत करायचं. खरं रडणं एकदा येतं. प्रयोगात ते ठरलेल्या वाक्याला आणावं लागतं आणि ठरलेल्या वाक्याला थांबवावं लागतं. याला अभिनय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? नाट्यशाळेत तीन वर्षं हेच शिकवतात.

"त्या काय, स्वतःचंच तर सांगताहेत," असं म्हणून आपण तो अभिनय मोजायलाच नकार देतो. 'झुंड' चित्रपटावर लिहिलं तेव्हाही हेच म्हणालो होतो. नागपूरचा अंकुश गेडाम अमिताभ बच्चनसमोर उभा राहून दृश्य स्वतःकडे ओढतो, २०२३ मध्ये फिल्मफेअरचं पदार्पणाचं पारितोषिक घेतो, आणि मुलाखतीत त्याला वस्तीबद्दलच विचारलं जातं. 'फँड्री'च्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि लोक म्हणाले की पोरगं तसंच आहे. तसंच असलेली पोरं महाराष्ट्रात लाखो आहेत. शेवटच्या दृश्यातला तो दगड तसा भिरकावणारा एकच निघाला.

वीरा साथीदारांचंही असंच झालं. 'कोर्ट'मधला लोकशाहीर नारायण कांबळे त्यांनी केला आणि चित्रपट २०१४चं सुवर्णकमळ घेऊन आला. साथीदार नागपूरचे, चळवळीतले, 'विद्रोही'चे संपादक. म्हणून समीक्षकांनी लिहिलं की ते स्वतःच होते. तो चित्रपट पुन्हा पाहा. पिंजऱ्यात उभा असलेला तो म्हातारा किती कमी बोलतो, न्यायाधीशाकडे कसा पाहतो, गाण्यातली आग आणि कोर्टातला थकवा एकाच शरीरात कसा ठेवतो. ते मांडलेलं आहे, घडवलेलं आहे. १३ एप्रिल २०२१ला कोरोनाने त्यांना नेलं. मे २०२५ मध्ये नागपुरात त्यांच्या स्मृतीच्या कार्यक्रमात फैज यांची एक नज्म म्हटली गेली म्हणून पोलिसांनी आयोजकांवर गुन्हा नोंदवला. गाण्यावरून गुन्हा, म्हणजे अगदी नारायण कांबळेवर झाला तसाच. ही भूमिका तर नट गेल्यावरही त्याच्या माणसांना सोडत नाही. अशा भूमिकेबद्दल साथीदारांशी पाच तास बोलायला हवं होतं.

आता भाषेवर येतो. दर दोन-तीन महिन्यांनी येतोच, माफ करा. रविवारच्या त्या नटाने सांगितलं की वऱ्हाडी त्यांनी पंधरा दिवसांत पकडली. कोणती वऱ्हाडी? अकोल्याची वणीत बोलत नाहीत. आमच्या तोंडात चंद्रपूरची झाडीबोली मिसळते, झरी-जामणीकडे तेलुगू शिरते, कोलामाच्या घरात कोलामी असते. पडद्यावर मात्र "काहून बे" म्हटलं की विदर्भ झाला. आणि ते म्हणणारा हवालदार असतो, शिपाई असतो, नाहीतर हसवायला आणलेला मामा. भारत गणेशपुरेंनी ही बोली पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात नेली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांना आमच्या बोलीत प्रेम करू द्या, न्याय देऊ द्या, मरू द्या. सतीश मनवरांनी 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये आमची शिवी थेट नावात घेतली आणि ती हसण्यावारी नेली नाही. गिरीश कुलकर्णींनी त्यात केलेल्या किसनाला पाहून आमच्याकडची माणसं गप्प बसली होती. म्हणजे करता येतं. पंधरा वर्षांहून जास्त काळ उलटला, तसा दुसरा किसना मला तरी दिसलेला नाही.

आता त्या बायांकडे परत येतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते. सातबारा नावावर आहे का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. मग प्रकरणावर शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. या जिल्ह्यातल्या हजारो बायांनी हा शब्द सरकारी कागदावर वाचलाय. नाटकातही पात्रच असतं. तिथे तरी त्यांना अपात्र ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या रांगेत गेलो. बाईंना विचारलं, तालीम किती दिवस केली? त्या आधी बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन मयने झाली ना जी. निंदन करून आलो का रातच्याले शाळेत जमो." सगळ्यात अवघड काय गेलं? त्यांनी थोडा विचार केला. "नवरा मेल्याचं जड नाही गेलं. त्याच्याआधी एक जागा आहे, तो चाय मांगते अन् मी हासतो. ते हासनं जमे नाही. डायरेक्टर पोट्टा म्हने, काकू, तुमाले पुढचं मालूम आहे म्हनून तुमी हासत नाही. ते इसरा. ते इसरायले मले पंधरा दिवस लागले."

येत्या महिन्यात वणी, पांढरकवडा, यवतमाळला कार्यक्रमांचा हंगाम सुरू होईल. आयोजकांनो, गावातली अशी बाई मंचावर बोलावलीत, तर पहिला प्रश्न तालमीचा विचारा.