उतरलेले वजन टिकत का नाही?

अमरावती-यवतमाळ मार्गावरील नेर हे तालुक्याचे गाव. कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर ज्याचे सारे बरेवाईट अवलंबून, आणि वृत्तपत्रांत ज्याचे नाव प्रायः शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भातच छापले जाते, अशा जिल्ह्यातील गावात बसून स्थूलतेवर लिहावे हे काही वाचकांना विसंगत वाटेल. जेथे भुकेचाच प्रश्न पुरता सुटलेला नाही तेथे अतिभोजनाची चिंता कशाला, असे कोणी विचारले तर त्याला चूक म्हणता येणार नाही. परंतु हे दोन्ही प्रश्न आता एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांचे प्रमाण सुमारे १९ वरून २२.९ टक्क्यांवर पोचले. आणि याच दुसऱ्या फेरीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश होत्या. म्हणजे जवळजवळ पाचवी स्त्री हडकुळी आणि चौथी स्थूल, असे हे चित्र आहे.

त्यातही आपल्या शरीराची एक खोड आहे, आणि ती महाराष्ट्रातच ओळखली गेली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके पाश्चात्त्य बालकांपेक्षा वजनाने बरीच हलकी भरली. पण त्यांच्यात जी तूट होती ती मुख्यतः स्नायूंची, मेदाची नव्हे. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी प्रा. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के! दिसण्यात बारीक पण आतून मेदयुक्त अशी ही आपली ठेवण आहे. म्हणूनच पाश्चात्त्यांसाठी २५ हा निर्देशांक धोक्याची रेषा मानला जातो, तर भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ती २३ वर आणली. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असाही दंडक त्यांनी घातला. बाजारात मिळणारी शिंप्याची साधी फीत या कामाला पुरते.

आता हे वजन आले कोठून? गेल्या दोन पिढ्यांत वऱ्हाडातील शेतातून ज्वारी हटत गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मिळू लागला. भाकरी थापण्याची कला सुनांच्या हातून गेली, आणि पोळीबरोबर तेलाचा पळा सैल झाला. पण सारा दोष पोळीवर ढकलणे अन्यायाचे होईल. शेताला पायी जाणारा बाप आणि कचेरीला मोटारसायकलवर जाणारा मुलगा यांच्या थाळीत फारसा फरक नसेल, तरी दोघांच्या दिवसात जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि मुलाच्या दिवसात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे चहा. तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत दिवसाला पाच-सहा कप चहा ही काही चैन समजली जात नाही. तो कामकाजाचाच एक भाग आहे. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली तर चाळीस उष्मांक. सहा कपांचे दोनशे चाळीस झाले. साठ किलो वजनाचा मनुष्य पाऊण तास झपाझप चालला तर त्याचे सुमारे दोनशे उष्मांक खर्ची पडतात. पहाटेची सारी रपेट अशी चहाच्या कपात बुडते, आणि दुपारच्या आलुबोंड्यांचा हिशेब अजून मांडायचाच आहे! आपल्या उपवासांबद्दल तर बोलूच नये. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी साबुदाण्याची खिचडी समोर ठेवूनच रचली असावी.

अशा या वातावरणात काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आहाराची एक मोठी चळवळच उभी राहिली. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून स्फूर्ती घेऊन लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती पुढे नेली. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा हा सुटसुटीत मंत्र. दुसऱ्या बाजूस श्रीमती ऋजुता दिवेकर यांचा पंथ. थोडे थोडे, पण वरचेवर खा, घरचे व स्थानिक खा, तुपाला भिऊ नका, असे तो सांगतो. शिक्षकांच्या खोलीत आणि एस.टी.च्या थांब्यावर या दोन पंथांचे वाद राजकारणापेक्षाही अधिक चुरशीने रंगले.

या वादात एक बाजू घ्यायचीच झाली, तर आम्ही म्हणू की दीक्षित पद्धतीचे यश तिच्या शास्त्रीय उपपत्तीत नसून तिच्या शिस्तीत आहे. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. दोन्ही गटांना सारखेच मोजके अन्न होते. एका गटाने ते दिवसाच्या आठ तासांतच खायचे, दुसऱ्यावर वेळेचे बंधन नव्हते. वर्षाअखेरीस पहिल्याचे वजन सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. वजन उतरते ते कमी खाल्ल्याने. मात्र चहा, फराळ, वाढदिवसाचा केक आणि सत्कारसमारंभाचे पेढे यांना एका वाक्यात नकार देण्याची सोय 'दोनच वेळा' या नियमाने होते, आणि आग्रहाच्या आपल्या समाजात ही सोय लहान नव्हे. शिवाय ही पद्धत फुकट आहे, हा तिचा मोठा गुण. तथापि मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण वगळले, तर रक्तातील साखर एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. शेजाऱ्याचे पाहून आहार बदलणाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट पुरेशी जात नाही.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. वजन उतरविणारे आपल्या ओळखीत कितीतरी असतात. उतरलेले वजन पाच वर्षे टिकविणारा शोधावा लागतो. मग आपण त्याच्या मनोनिग्रहाला बोल लावून मोकळे होतो. हा निवाडा उतावळेपणाचा आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, वजन उतरल्यावर भूक वाढविणारी संप्रेरके वर्ष उलटले तरी पूर्वपदावर येत नाहीत. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याचा अंदाजही मांडला: दर किलो वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्च वीस ते तीस उष्मांकांनी घटतो, आणि भूक मात्र सुमारे शंभर उष्मांकांनी वाढते. दहा किलो उतरविणाऱ्याची भूक रोज हजार उष्मांकांची वाढीव मागणी करीत दाराशी उभी असते. दुष्काळात टिकून राहिलेल्यांचे आपण वंशज. शरीर गेलेल्या मेदाला संकट समजते आणि तो परत मिळवू पाहते. लग्नसराईत ज्याचा नियम मोडला तो दुर्बळ मनाचा ठरतो असे नाही. एवढ्या ओढीला तो वर्षभर पुरून उरला, याचेच नवल वाटावे.

तरीही टिकविणारे लोक आहेत. अमेरिकेत १९९४ पासून अशा व्यक्तींची एक नोंदवही ठेवली जाते. निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते किमान वर्षभर टिकविले असेल त्यालाच तीत प्रवेश मिळतो. दहा हजारांहून अधिक नावे तीत आहेत. त्यांनी वजन उतरविले नाना तऱ्हांनी, पण टिकविले जवळजवळ एकाच तऱ्हेने: बहुतेकजण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, प्रायः चालतात, चारांपैकी तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. येथे व्यायामाचे खरे स्थान कळते. वजन उतरविण्याच्या कामी तो आहाराच्या मानाने दुबळा आहे, हे चहाच्या हिशेबात दिसलेच. पण उतरलेले वजन धरून ठेवण्यात त्याची बरोबरी दुसरे काही करीत नाही. आणि काटा हलला नाही तरी तो फुकट जात नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. काहीच न बदललेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह जडला. आहार व चालणे सुधारलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले, आणि तेही त्यांचे वजन विशेष कमी झाले नसताना. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर काट्यावरचा आकडा पाहून निराश होणाऱ्यांनी हा दुसरा आकडा घरात टांगून ठेवावा.

आता बाजारात नवी इंजेक्शने आली आहेत. मार्च २०२५ पासून ती भारतातही मिळू लागली. त्यांचा गुण निःसंशय मोठा आहे, कारण ती भुकेवरच घाव घालतात. पण औषध थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले, असे सेमाग्लुटाइडच्या चाचणीत आढळले. म्हणजे टिकविण्याचा प्रश्न पुन्हा जेथल्या तेथे. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांच्यासाठी गावोगाव भुकटीचे डबे घेऊन फिरणारे आहेतच. दुःखाची गोष्ट ही की ते विकणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत शिक्षकच पुष्कळ. जेवणाऐवजी भुकटी घेतली की वजन उतरते, यात गुपित काही नाही. जेवण गेले एवढेच. डबा संपला की जेवण परत येते, आणि त्याच्या पाठोपाठ वजन.

घरापुरते करण्यासारखे जे आहे ते खर्चाचे नाही. माणशी रोज वीस ते तीस ग्रॅम तेल पुरेसे मानले, तर चौघांच्या घराला महिन्याला अडीच ते साडेतीन किलो तेल लागावे. वाण्याच्या वहीतला आकडा गृहिणींनी आणि, हो, गृहस्थांनीही एकदा पाहावा. ज्वारी अद्याप बाजारात मिळते. वरणाची वाटी मोठी आणि भाताचा ढीग लहान करायला कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु चालायला जागा लागते. नेरसारख्या गावातून जाणाऱ्या हमरस्त्यावर पहाटेच्या अंधारात मालमोटारी भरधाव धावत असतात. स्त्रियांनी त्याच कडेने फिरायला जावे, असे सांगणाऱ्याने आधी एकदा तेथे आपल्या लेकीला पाठवून पाहावे. मे महिन्यात तर सकाळी साडेसातनंतर आमच्याकडे उन्हात उभे राहवत नाही. येथून जवळच अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पारतंत्र्यात, लोकवर्गणीवर हे घडले. आज तालुक्याच्या गावी निदान शाळांची मैदाने तरी आहेत. मात्र घंटा झाली की त्यांच्या फाटकांना कुलूप लागते. ते कुलूप पहाटे पाचला काढायचे, तर एक चौकीदार आणि दोन दिवे लागतील. नगर परिषदेच्या पुढच्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम बसते की नाही, हे नगरसेवकांना विचारायला शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी एकत्र जायला हरकत नाही.