जाहीर इशारा: झाकण्याआधी दाखवा!

गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाच्या कालव्यांवर अस्तरीकरणाचे काम घेणारे सर्व ठेकेदार आणि त्यांच्या बिलांवर सह्या करणारे सर्व अभियंते यांना उद्देशून.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. ३७२ कोटींचा अंदाज पुढे १८ हजार कोटींवर गेला. धरणाचे ३३ दरवाजे उघडले की गडचिरोलीतल्या वडसा-आरमोरीकडे वैनगंगा शेतात शिरते. पण पाऊस दडी मारतो, ऐन रोवणीत धानाचे पऱ्हे पिवळे पडतात, तेव्हा कालव्याच्या टेलवरच्या बांध्या कोरड्याच. डाव्या कालव्याचे काम निकृष्ट झाल्याचे सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीनेच दाखवून दिले. तोच खेळ पुन्हा मांडू देणार नाही.

शेतकऱ्याला काँक्रीटमधले काय कळते, या भ्रमात कोणी राहू नये. कालव्याचे अस्तर फुटते ते बहुधा खालून. कन्हार, म्हणजे काळी भारी जमीन, पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि काँक्रीटला उचलून टाकते. म्हणून काळी माती काढून तिथे न फुगणारा मुरूम थराथराने दाबायचा. त्यावर प्लास्टिकची फिल्म अंथरायची, म्हणजे भेगेतून झिरपलेले पाणी मातीपर्यंत पोचत नाही. मग काँक्रीट. शिवाय निचऱ्याची छिद्रे हवीतच. नाहीतर आवर्तन संपून कालवा एकदम रिकामा झाला की भिजलेल्या भरावातले पाणी अस्तर आत ढकलते.

चोरी होते ती नेमकी इथे. मुरमाचा थर अर्धा, फिल्म टोकदार खड्यांवर अंथरलेली, घमेली घेऊन माणसे तिच्यावरूनच चाललेली. वर काँक्रीट पडले की सगळे झाकले जाते. पाणी मारण्यातही तीच चोरी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढेही जातो. अशा कोरड्या उन्हात काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवा, असे आयएस ४५६ सांगते. पाणी न मारलेले अस्तर नखाने खरवडले तरी वाळू हातात येते आणि सांध्यांतून बेशरमाची झुडपे उगवतात.

म्हणून आमच्या अटी:

१. मुरूम आणि फिल्म झाकण्याच्या दोन दिवस आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवा. थराची जाडी गावकऱ्यांसमोर मोजा.

२. फाटलेली फिल्म बदला. ठिगळ चालणार नाही.

३. काँक्रीट १० दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवा.

४. काँक्रीटचे कोअर काढून तपासा, अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तोवर एक रुपयाचेही बिल काढू नका.

या चार अटींची लेखी हमी ३० एप्रिलपर्यंत द्या. मुदतवाढ नाही, चर्चेचे गुऱ्हाळ नाही. हमी आली नाही, तर १ मे रोजी, महाराष्ट्र दिनीच, आम्ही बायकापोरांसह कोरड्या कालव्यात उतरू. कोणावर हात उगारणार नाही. पण मिक्सर फिरू देणार नाही आणि जागाही सोडणार नाही. त्यानंतर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहेच. तिथे खात्याच्या नावामागे लपता येणार नाही. बिलावर ज्याची सही, याचिकेत त्याचेच नाव.

— कालव्याच्या टेलवरचे लाभधारक शेतकरी
ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल