पेटीतला कागद

घराचे पत्रे बदलताना आमच्या वस्तीतल्या एका वहिनींनी यजमानांची लष्करी पेटी उपसली. तळाशी एक इंग्रजी पत्र मिळाले. ते घेऊन त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, यात काय लिहिलंय तेवढं सांगा. हे तर काही बोलत नाहीत."

यजमान महार रेजिमेंटचे हवालदार. २४ वर्षांची नोकरी करून २०१६ साली घरी आले. सुटण्यापूर्वी मेडिकल बोर्ड बसले. रक्तदाबाचा विकार, अपंगत्व ३० टक्के, तेही आयुष्यभराचे. परंतु पुढे शेरा असा की, विकार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. कारण काय, तर तो 'पीस स्टेशन'ला असताना सापडला. त्याआधीची दोन वर्षे माणूस बर्फात पहारा देऊन आला होता, त्याचा उल्लेखही नाही. पत्रात अपंगत्वाची पेन्शन नाकारली होती. सहा महिन्यांत अपील करा, असेही लिहिले होते.

अपील का केले नाही, असे आम्ही विचारले. हवालदार म्हणाले, "भाऊ, मी काय लंगडा-पांगळा आहे? नोकरी पुरी करून आलो. अपंग कशाला म्हणवून घेऊ?"

इथेच आपली माणसे फसतात. लष्कराच्या कागदावरचे अपंगत्व म्हणजे हातपाय तुटणेच नव्हे. कान गेले, साखर वाढली, मन बिघडले, तरी बोर्ड टक्के लावते. टक्के २० किंवा त्याहून जास्त असले आणि विकाराचा सेवेशी संबंध मान्य झाला, की नेहमीच्या पेन्शनवर ही रक्कम वेगळी मिळते.

आम्ही बीकॉमवाले, त्यामुळे हिशेब मांडूनच दाखवला. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगार ४० हजार धरला, तर ३० टक्के अपंगत्वाला महिना ३६०० रुपये होतात. परंतु ५० च्या आतले टक्के ५० धरायचे, असा नियम आहे. पूर्वी तो मध्येच काढून टाकलेल्यांनाच लागू होता. २०१४ साली राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुदत पुरी करून सुटलेल्यांनाही तो लागू केला. म्हणजे महिना ६००० रुपये. वहिनी हळूच म्हणाल्या, "पोरीची नर्सिंगची फी निघाली असती."

शेऱ्याबद्दलही न्यायालय बोलले आहे. धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले, १९९४ साली फिट्सच्या विकारामुळे घरी पाठवले गेले. त्यांनाही असाच शेरा मिळाला होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे धरावे आणि नाही म्हणायचे तर बोर्डाने कारण द्यावे. मात्र २००८ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले. म्हणून आपण कोणत्या तारखेला सुटलो, ते आधी पाहावे.

उशिराचे काय? २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात न्यायालयाने थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. तोच हिशेब लागला, तर या घराची कितीतरी वर्षांची रक्कम पेटीतच राहिली म्हणायची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी आपल्या लोकांची भरती बंद केली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदारांच्या घरात जन्मलेल्या त्या माणसाला पलटणीच्या पगाराची आणि पेन्शनची किंमत चांगली ठाऊक होती.

वस्तीतली पोरे आता अग्निवीर म्हणून जातात. त्यांना पेन्शन नाही. अपंगत्व सेवेमुळे आल्याचे मान्य झाले, तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख आणि ५० ला १५ लाख एकदाच मिळतात. तिथेही सगळे त्या शेऱ्यावरच अडते. त्यांच्या आयांनी बोर्डाच्या कागदाची झेरॉक्स घरी ठेवून घ्यावी.

हवालदारांचे अपील, उशिराचे कारण लिहून, आम्ही गेल्या आठवड्यात पोस्टाने धाडले. तिथे नकार आला, तर दुसरे अपील आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. 'अपंगत्व' या शब्दाखाली सही करताना ते बराच वेळ थांबले होते. शेवटी वहिनींनीच पेन त्यांच्या हातात दिले.

असे पत्र ज्यांच्या घरी पडून असेल, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावे. डिस्चार्ज बुक व बोर्डाचा कागद सोबत असावा. जयभीम.