आजीचा रुपया घासू नका!

शिक्षक मित्रांनो, आधी माझी चूक सांगते. मग मत मांडते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन भरवलं होतं. कुणी अडकित्ता आणला, कुणी कंदील, कुणी शेर आणि अधेली. चौथीतल्या एका मुलीने आजीचा चांदीचा रुपया आणला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. रंग काळपट, कडेला निळसर-जांभळी झाक. मला तो मळका वाटला. पाहुणे येणार, म्हणून मीच मुलींना सांगितलं, "चिंच लावा, थोडी राख घ्या आणि चांगला घासा." दहा मिनिटांत रुपया आरशासारखा! मुली खूश, मी पण खूश.

दुपारी एका मुलाचे काका आले. त्यांना नाणी जमवायचा नाद. त्यांनी तो रुपया दोन बोटांनी कडेला धरून उचलला, खिडकीपाशी नेला, हळूहळू फिरवला आणि विचारलं, "मॅडम, हा घासलाय का?" मी अभिमानाने हो म्हटलं. ते म्हणाले, "फार कमी वापरलेला होता हो हा. कशाला घासलात?" एवढंच. पुढे काही बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी बिघडलंय, आणि ते आता नीट होणार नाही.

त्यानंतर मी वाचत गेले, विचारत गेले, खूप नाणी हातात घेऊन पाहिली. आज माझं मत पक्कं आहे. जुन्या नाण्याची किंमत त्याच्या चकाकीत नसते, अवस्थेत असते. आणि ही अवस्था ओळखायला आपण मुलांना शिकवलं पाहिजे. नाणं गोळा करायला सांगणं सोपं आहे हो. चिकटवहीत चिकटवलं की झालं! (नाणी डिंकाने चिकटवायला लावणारे शिक्षकही मी पाहिलेत. मी स्वतः त्यातलीच.)

तुमच्या घरी जो चांदीचा रुपया असेल तो बहुतेक ब्रिटिशकालीन असणार. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच एक तोळा. आपल्याकडे 'रुपयाभार' हा वजनाचा शब्द आहे ना, तो इथे जुळतो. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. पहिला चेहरा चौथ्या विल्यमचा, मग १८४० पासून व्हिक्टोरिया राणीचा. म्हणून आपले आजोबा 'राणीछाप' म्हणायचे. मशीनवर पाडलेला म्हणून 'कलदार'. १८७७ पासून राणीच्या नावापुढे 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. पुढे सातवा एडवर्ड, हा बिनमुकुटाचा. मग मुकुट घातलेला पंचम जॉर्ज आणि शेवटी सहावा जॉर्ज. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. खुद्द इंग्लंडात शिलिंगमधली चांदी १९२० मध्येच साडेब्याण्णव टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आणली होती, आपला रुपया मात्र त्यानंतर वीस वर्षं तसाच राहिला. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. वर्गात करून दाखवा, मुलांना फार मजा येते.

आता मूळ मुद्दा. चांदी काळी का पडते? हवेत गंधकाचे वायू असतात, ते चांदीशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. लोखंड गंजून आत पोखरत जातं, तसं हे नाही. हा थर हळूहळू, वर्षानुवर्षं चढतो. म्हणूनच त्याला कधी सोनेरी, कधी निळी-जांभळी झाक येते. संग्राहक या झाकेला जपतात. आपण तिला मळ म्हणतो!

आणि घासल्यावर फक्त काळेपणा जात नाही. टाकसाळीत साच्याखाली चांदीची चकती जोरात दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की या रेषांमुळेच त्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. राख, रांगोळी, टूथपेस्ट, यातलं काहीही लावून चोळलं की त्या रेषा पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी वेड्यावाकड्या ओरखड्यांचं जाळं येतं. नाणं चमकतं खरं, पण सगळीकडून सारखं, स्टीलच्या ताटासारखं. काळेपणा पुन्हा चढेल. त्या रेषा पुन्हा येणार नाहीत. आमच्या प्रदर्शनातल्या रुपयाचं नेमकं हेच झालं.

मग अवस्था ओळखायची कशी? झीज नेहमी उंच भागावर आधी येते. डोंगराचा माथा आधी झिजतो, दरी नंतर, हे आपण भूगोलात शिकवतोच. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटावरची रत्नं, कानावरचे केस आणि अंगातल्या पोशाखावरचं नक्षीकाम बघा. एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस आणि भुवई. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटाची कमान, मिशी, आणि वस्त्रावरचा तो छोटा हत्ती. या हत्तीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १९११ च्या पहिल्या नाण्यांवर हत्ती असा काही कोरला गेला की तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारून नवीन रुपया काढला. म्हणून १९११ चा रुपया कमी सापडतो.

संग्राहकांच्या इंग्रजी श्रेण्या आहेत: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. इथे आपण फसतो. 'फाइन' म्हणजे छान नव्हे! फाइन म्हणजे नाणं बरंच झिजलंय, पण मुख्य गोष्टी ओळखू येतात. व्हेरी फाइनमध्ये उंच भागावर झीज दिसते, बाकी बारकावे शाबूत. एक्स्ट्रीमली फाइनमध्ये झीज शोधावी लागते. आणि अनसर्क्युलेटेड म्हणजे व्यवहारात न फिरलेलं, झीज अजिबात नाही. ओरखडे मात्र त्यावरही असू शकतात, कारण टाकसाळीतून थैलीत भरताना नाणी एकमेकांवर आपटतात.

मला विचाराल तर नुसती श्रेणी लिहून भागत नाही. आपण मुलांच्या मूल्यमापनात 'ब-१' लिहून थांबतो का? वर्णनात्मक नोंद करतोच ना? नाण्याचीही करावी. "मुकुटाची वरची रत्नं सपाट, कान स्पष्ट, मागची पानं शाबूत, कडेला सहाच्या जागी मार, जुना सोल्डर." असं लिहिणाऱ्या मुलाने नाणं खरंच पाहिलेलं असतं. पाचवीच्या मुलांकडून मी हे करून घेतलं आहे. साधं दहा रुपयांचं चालू नाणं द्या, एक नवं, एक जुनं, आणि दहा फरक लिहायला सांगा. निरीक्षण, भाषा, विज्ञान, सगळं एकाच तासात होतं.

सोल्डरवरून आठवलं. आपल्याकडचे कितीतरी रुपये दागिन्यात गेले. माळेत ओवायला भोक पाडलं, नाहीतर वर कडी जोडली. नंतर कडी काढली तरी कडेला डाग राहतो. काहींवर सराफाने पारख करताना मारलेले छोटे ठसे असतात. संग्राहक अशा नाण्यांना कमी लेखतात. बाजाराच्या हिशेबाने ते बरोबर आहे, पण शाळेच्या हिशेबाने मला तेच नाणं जास्त आवडतं, कारण ते कुणाच्या तरी गळ्यात होतं. कुठलं नाणं विकायचं आणि कुठलं ठेवायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं लक्षात ठेवा.

एक गंमत अनुभवी माणसालाही चकवते. कधी साचाच झिजलेला असतो, मग कोरं नाणंसुद्धा पुसट उमटतं. अशा वेळी पुसट भाग तिरप्या उजेडात धरा. तिथे मूळ चमक असेल तर छाप कच्ची आहे. तो भाग राखाडी आणि गुळगुळीत असेल तर झीज आहे. आणि नाण्यावरची तारीखही सरळ मानू नका. १८४० आणि १८६२ या तारखांचे रुपये पुढे कित्येक वर्षं त्याच तारखेने पाडले गेले.

खोटी नाणीही भरपूर फिरतात. आधी वजन करा. सराफाच्या काट्यावर दोन मिनिटांचं काम. फार झिजलेला रुपया ११.६६ ग्रॅमपेक्षा थोडा कमी भरेल, ते समजू शकतं. पण नक्षी कोरीकरकरीत आणि वजन कमी, असं असेल तर सावध व्हा. पूर्वी नाणं दगडावर वाजवून घ्यायचे, खणखणीत आवाज आला तर खरं. तुम्ही मात्र फरशीवर आपटू नका, कड दबते.

"जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" असले मेसेज पालकांच्या ग्रुपवर नेहमी येतात. आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना इशारा दिला होता. कमिशन म्हणून आधी पैसे मागितले की समजून जा. आणि शेतात नांगरताना गाडलेली नाणी सापडली तर ती गुपचूप विकायची नसतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे मुलांना माहीत असलं पाहिजे.

ठेवायचं कसं म्हणाल तर सोपं आहे. कडेला धरा, चेहऱ्यावर बोट नको, घामाचे ठसे कायमचे बसतात. रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं. स्वस्तातली मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि मऊ कापडाने टिपा. टिपा म्हणतेय, पुसा नाही.

आता कुणी म्हणेल, "मॅडम, लक्ष्मीपूजनाला रुपया घासायचाच असतो, आमच्याकडे रीत आहे." अगदी घासा. पूजेतला रुपया पूजेचा आहे, तो संग्राहकाचा नाही. त्यासाठी एक झिजलेला, कडी लावलेला रुपया बाजूला ठेवा आणि दरवर्षी तोच लख्ख करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी नाण्याच्या अवस्थेवरून वाद घालू नये असं मला वाटतं.

त्या मुलीचा रुपया १९१८ चा होता, पंचम जॉर्जचा. मागच्या बाजूला तळाशी कमळाजवळ बारीक टिंब होतं, म्हणजे मुंबईच्या टाकसाळीतला. १९१८ चे रुपये पुष्कळ सापडतात. महायुद्धात चांदी कमी पडली तेव्हा अमेरिकेने कायदा करून कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इकडे पाठवली. त्यामुळे पैशात बघितलं तर मी कुणाचं फार मोठं नुकसान केलं नाही. तरीही मी तिच्या घरी गेले आणि आजींना सगळं सांगितलं.

आजींनी रुपया हातात घेतला, उलटापालटा केला. म्हणाल्या, "माझ्या आईनं दिला तवा असाच काळा होता बाई. मी कधी घासला न्हाई, तिचा हात हाय त्याच्यावर म्हणून." मग त्यांनी तो पुन्हा त्याच लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि मला चहा ठेवायला उठल्या.