नाईक यशवंत घाडगे आणि त्यांचे सोबती



१० जुलै हा दिवस आपल्याकडे आडसाली लागणीच्या धांदलीत निघून जातो. १९४४ साली याच तारखेला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. वय अवघे २२. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण.

शत्रूच्या भक्कम ठाण्यावर कंपनीने हल्ला चढवला होता. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि एकटे नाईक सोडून सारे जवान ठार वा जखमी झाले. अशा वेळी मागे सरकले असते तरी कुणी बोट दाखवले नसते. घाडगे उलट धावून गेले. हातगोळा फेकून गन आणि गनर गारद केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच हाणून लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि त्याच ठाण्यात त्यांनी देह ठेवला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

काही मंडळी म्हणतात, ‘इंग्रजांसाठी लढले, त्याचं एवढं काय?’ राज्य इंग्रजांचे होते हे खरेच. त्याच सुमारास साताऱ्याकडे प्रतिसरकारचे लोक त्याच इंग्रजांशी झुंजत होते. पण घाडग्यांच्या समोर हिटलरची फौज होती, हेही विसरून कसे चालेल? इटलीतल्या माँतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. परक्या मुलखाला आठवण आहे, मग आपणच का हात आखडावा?

आमचे म्हणणे मात्र जरा पुढचे आहे. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे कोण होते? इटलीत ५,७८२ हिंदी जवान कामी आले. त्यांतल्या किती जणांची नावे त्यांच्याच गावात ठाऊक आहेत? पहिल्या महायुद्धानंतर सरकारने कित्येक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, इतके पडले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. अहो, आपल्या काट्यावर उसाची गाडी आली तरी मालकाचे नाव लागते!

तेव्हा आमची सूचना अशी. दोन्ही महायुद्धे, १९६२, १९६५, १९७१, १९९९ चे कारगिल, कोणत्याही लढाईत आपल्या भावकीतला कुणी गेला असेल, तर नाव, गाव, पलटण आणि साल कागदावर लिहून गट कचेरीत द्यावे. चिटबॉयकडे दिले तरी पोचेल. पदक मिळालेच असले पाहिजे असे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, जुन्या पेटीचा तळ बघा. पहिल्या महायुद्धाचे पदक सापडले तर त्याच्या कडेला शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. अक्षरे बारीक आणि इंग्रजी असतात, तेव्हा शाळेतल्या पोराला भिंग घेऊन बसवावे.